इंग्रजी अवांतर वाचनातून शब्दसंपदा वाढवण्यासाठी कॉर्पसची साधने वर्गात कशी वापरावीत?

करवीरची शिक्षिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या कला आणि वाणिज्य शाखांना इंग्रजी शिकवते. आमची बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली असतात. आठवड्यातील एक तासिका आम्ही निव्वळ अवांतर वाचनासाठी राखून ठेवली आहे. त्या तासाला प्रत्येकाने आपल्या आवडीचे इंग्रजी पुस्तक घेऊन वाचत बसायचे, नाही आवडले तर मध्येच बदलायचे, आणि वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे लिहायची नाहीत, असा साधा रिवाज आहे. ग्रंथालयात ऑक्सफर्ड बुकवर्म्स या मोजक्या शब्दांत, पातळीवार लिहिलेल्या वाचनपुस्तकांच्या मालिकेतील पहिल्या चार पातळ्यांची पुस्तके आहेत. शिवाय भारतीय लेखकांचे काही कथासंग्रह आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावरून उतरवून छापून घेतलेल्या जुन्या गोष्टी आहेत.

मुले वाचतात, आणि गोष्ट समजल्याचे त्यांच्या बोलण्यावरून कळतेही. अडचण शब्दांची आहे. एका पुस्तकात वारंवार येऊन गेलेला शब्द पुढच्या पुस्तकात भेटला की अनेकांना तो नवाच वाटतो, आणि लेखनात तर तो क्वचितच उतरतो. कठीण शब्दांच्या याद्या करण्याची आमच्याकडे पूर्वापार पद्धत आहे; परंतु त्या याद्या शिक्षकाच्या अंदाजाने बनतात आणि त्यांतील निम्मे शब्द मुलांना पुन्हा कुठे भेटतील की नाही, हे कोणी तपासत नाही.

एका प्रशिक्षणात कॉर्पसचा, म्हणजे संगणकावर तपासता येईल अशा मजकुराच्या संचयाचा, आणि तो तपासणाऱ्या अँटकॉन्क या मोफत सॉफ्टवेअरचा ओझरता उल्लेख झाला होता. अशा साधनांनी एखादे पुस्तक मुलांच्या आवाक्यातले आहे की नाही, हे आधी ठरवता येते का? त्या पुस्तकातील नेमक्या कोणत्या शब्दांवर वेळ खर्चावा, हे कसे निवडावे? आणि हे सगळे करताना वाचनाची गोडी जाऊन त्या तासाला शिकवणीचे रूप येणार नाही, याची काळजी कशी घ्यावी? आमच्या संगणक कक्षात चालू स्थितीतील संगणक मोजके आहेत, इंटरनेट भरवशाचे नाही आणि सॉफ्टवेअर विकत घेण्यासाठी तरतूद नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

राजारामपुरीकर

मॅडम, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्यातील मर्यादा समजून घेऊनच ते वापरावे.

पुस्तक आवाक्यात आहे का, हे मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे त्यातील शेकडा किती शब्द वाचकाच्या ओळखीचे आहेत ते पाहणे. शब्दसंपदेच्या अभ्यासक बात्या लॉफर यांनी १९८९ मध्ये ९५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानंतर, कोणाच्याही मदतीशिवाय गोष्ट वाचायची असेल तर ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, असे सामान्यतः मानले जाते. आकडे जवळजवळचे दिसतात, पण पानावर त्यांतला फरक फार मोठा पडतो. ३०० शब्दांच्या पानात ९८ टक्के ओळखीचे असतील तर सहा शब्द अनोळखी राहतात. ९५ टक्के असतील तर पंधरा. सहा शब्दांवरून मूल संदर्भाने पुढे जाते, पंधरा शब्दांवर त्याची गाडी अडते आणि ते पुस्तक मिटून ठेवते. नेशन यांच्याच २००६ मधील मोजणीनुसार प्रौढांसाठी लिहिलेली मूळ इंग्रजी कादंबरी ९८ टक्क्यांच्या हिशेबाने वाचायची तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुटुंब) ठाऊक असावी लागतात. त्यामुळे गुटेनबर्गवरच्या एकोणिसाव्या शतकातील गोष्टी, त्या मुलांसाठी लिहिलेल्या असल्या तरी, तुमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात इतक्यात देऊ नयेत, असे माझे मत आहे.

बुकवर्म्सची पुस्तके मोजण्यात वेळ घालवू नका. ते काम प्रकाशकाने आधीच केलेले आहे: पहिल्या पातळीला ४००, दुसरीला ७००, तिसरीला १,००० आणि चौथीला १,४०० मूळ शब्द असा त्यांचा हिशेब आहे. मोजायची आहेत ती बाकीची पुस्तके. त्यासाठी अँटवर्डप्रोफायलर हे साधन वापरा. ते आणि अँटकॉन्क ही दोन्ही टोकियोच्या वासेदा विद्यापीठातील लॉरेन्स अँथनी यांनी तयार केलेली आहेत, मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. तुमचा एक जुना संगणक या कामाला पुरेसा आहे.

पुस्तकाचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ स्वरूपात साठवावा. संपूर्ण पुस्तक हाताशी नसेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट येथील प्रत्येकी दोन पानांचा मजकूर मोबाईलने फोटो काढून टेक्स्टमध्ये उतरवून घेतला तरी अंदाज येतो. गुटेनबर्गच्या फाइलींना पुढे-मागे परवान्याचा लांबलचक मजकूर जोडलेला असतो. तो काढून टाकल्याशिवाय मोजणी करू नये, नाहीतर गोष्टीत कुठेही नसलेले ‘लायसन्स’ आणि ‘एग्रीमेंट’ असे शब्द यादीत चढून बसतात. नंतर हा मजकूर वारंवारतेच्या याद्यांशी, म्हणजे इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या शब्दांच्या याद्यांशी, ताडून पाहायचा. सॉफ्टवेअरसोबत मायकेल वेस्ट यांची १९५३ ची जनरल सर्व्हिस लिस्ट, पहिले हजार आणि दुसरे हजार अशा दोन भागांत, येते. (वेस्ट हे त्या काळच्या बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते आणि मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके त्यांनी तेथील विद्यार्थ्यांसाठी तयार केली होती. म्हणजे तुमच्यापुढचा प्रश्न या उपखंडातील वर्गांना जुनाच आहे.) यादी जुनी वाटली तर २०१३ साली आलेली, सुमारे २,८०० शब्दांची न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट मोफत मिळते, ती जोडून घ्या. सोबत येणारी ५७० शब्दकुटुंबांची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट (अभ्यासविषयक लेखनातील शब्दांची यादी) गोष्टीच्या पुस्तकांसाठी बाजूला ठेवली तरी चालेल.

आता मर्यादा. भारतीय कथासंग्रह या चाळणीतून घातला की तो अकारण अवघड दिसतो, कारण पात्रांची आणि गावांची नावे, ‘रुपी’, ‘साडी’, ‘बझार’ असे शब्द यादीबाहेरचे म्हणून मोजले जातात. त्यासाठी स्वतःची एक पुरवणी यादी करावी आणि ती ‘ओळखीचे शब्द’ म्हणून जोडावी. या यादीत केवळ नावे घालून थांबू नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या घरचे कोणी कामाला आहे, अशा मुलांना फौंड्री, कास्टिंग, मोल्डिंग, लेथ, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द इंग्रजी म्हणून शिकवावे लागत नाहीत. साखर कारखान्याच्या पट्ट्यातील मुलाला बगॅस म्हणजे काय ते पक्के ठाऊक असते, आणि लंडन किंवा न्यूयॉर्कमधील मजकुरावर आधारलेल्या कोणत्याही यादीत हा शब्द फार तळाला असतो. याच्या उलटही घडते. ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द पहिल्या हजारात येतात, म्हणून ‘पुट अप विथ’ हा प्रयोग यंत्राच्या लेखी सोपा ठरतो. मूल मात्र नेमके तिथेच थांबते. यंत्र शब्दाचे रूप मोजते, अर्थ मोजत नाही. अहवालात ९८ टक्के आले तरी पुस्तकाची दोन-चार पाने मॅडमनी स्वतः डोळ्यांखालून घातलीच पाहिजेत.

शब्द निवडण्यासाठी मात्र ही साधने फार उपयोगी आहेत. अँटकॉन्कमध्ये पुस्तकाची प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत ठेवा आणि शब्दांची यादी काढा. शब्द किती वेळा आला याबरोबरच तो किती फाइलींत आला, हेही यादीत दिसते. हा दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे. चौदा वेळा आलेला पण चौदाही वेळा एकाच प्रकरणात आलेला शब्द, उदाहरणार्थ एखाद्या जहाजाच्या प्रसंगातील डोलकाठीचे नाव, सोडून द्यावा. सहा-सात वेळाच आलेला पण पाच प्रकरणांत पसरलेला आणि पहिल्या हजाराच्या बाहेरचा शब्द घ्यावा. ‘प्लॉट’ या खिडकीत प्रत्येक फाइलच्या पट्टीवर शब्दाच्या जागी उभ्या रेघा उमटतात, त्यामुळे ही पसरण एका नजरेत कळते. असे आठ-दहा शब्द निवडून पुस्तक हाती देण्यापूर्वी वर्गात सांगितले तर वाचताना मुले ते ओळखतील.

निवृत्त ग्रंथपाल, मंगळवार पेठ

वरील उत्तरातील मोजणीचा भाग मला पटला, शेवटचे वाक्य पटले नाही. पुस्तक उघडण्यापूर्वी फळ्यावर दहा शब्द आले की मुलाच्या मनात तो तास अभ्यासाचा झाला, आणि मग ते गोष्ट न वाचता त्या दहा शब्दांचा शोध घेत बसते. अवांतर वाचनाचा सगळा आधार हाच आहे की वाचणाऱ्याचे लक्ष पुढे काय होते याकडे असावे. शब्दांचे काम पुस्तक वाचून झाल्यानंतर करावे, आणि तेही वाचनाच्या तासिकेत नव्हे, नेहमीच्या इंग्रजीच्या तासाला करावे.

केवळ वाचनातून शब्द आपोआप पदरात पडतील, अशी भाबडी अपेक्षाही माझी नाही. जपानमध्ये रॉब वेअरिंग आणि मिसाको ताकाकी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एका सोप्या वाचनपुस्तकातील २५ शब्दांच्या जागी त्यांनी बनावट शब्द घातले, म्हणजे ते वाचकांना आधीपासून ठाऊक असण्याचा प्रश्नच उरला नाही. तीन महिन्यांनी अर्थ विचारला तेव्हा सरासरीने २५ पैकी एकच शब्द आठवला, आणि आठपेक्षा कमी वेळा भेटलेल्यांपैकी एकही नाही. मॅडम ज्याला अडचण म्हणत आहेत, ती तुमच्या वर्गाची उणीव नाही. एका पुस्तकाकडून तेवढेच मिळते.

यातून माझ्या अनुभवात उपयोगी पडलेली दिशा वेगळी आहे. एका पुस्तकातील शब्द न निवडता, तुमच्या कपाटातील पुस्तकांत सामायिक असलेले शब्द शोधा. मुलांनी जी वीस-पंचवीस पुस्तके सर्वाधिक वाचली आहेत, ती देवघेवीच्या नोंदवहीतून कळतात. त्यांपैकी ज्यांचा मजकूर मिळवता येईल तो अँटकॉन्कमध्ये एकत्र घाला आणि प्रत्येक पुस्तकाला एक फाइल ठेवा. मग जो शब्द पाच-सहा पुस्तकांत येतो, तो मुलाला वर्षभरात पुन्हा पुन्हा भेटणार हे निश्चित होते. पुस्तकांची मांडणीही त्याप्रमाणे करता येते. समुद्रप्रवासाच्या गोष्टी एका खणात, शोधकथा एका खणात, प्राण्यांच्या गोष्टी एका खणात ठेवल्या की मूल एकाच विषयाची तीन-चार पुस्तके सलग वाचते आणि त्या विषयाचे शब्द लागोपाठ भेटत जातात. शोधकथांच्या खणात ‘सस्पेक्ट’, ‘क्लू’, ‘अलिबाय’, ‘विटनेस’ हे शब्द कोणी शिकवले नाहीत तरी तिसऱ्या पुस्तकापर्यंत ओळखीचे होतात.

पुस्तके वाचून झाल्यावर कॉन्कॉर्डन्स काढा, म्हणजे शब्द मध्यभागी ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंचा मजकूर ओळीओळीने मांडा, आणि कागदावर छापा. संगणक कक्षाची गरज नाही. एका पानावर चार शब्द बसतात, प्रती काढायला नगण्य खर्च येतो. नमुन्यादाखल मी लिहिलेल्या चार ओळी पाहा:

ही वॉज — रिलक्टंट — टू लीव्ह द हाउस
शी सीम्ड — रिलक्टंट — टू आन्सर
द ओल्ड मॅन वॉज — रिलक्टंट — टू टेक द मनी
दे वेअर — रिलक्टंट — टू गो बॅक

उजवीकडच्या पहिल्या शब्दाप्रमाणे क्रम लावला की ‘टू’ एका रांगेत येतो आणि त्याच्या पुढे प्रत्येक वेळी क्रियापद दिसते. डावीकडे ‘वॉज’, ‘वेअर’, ‘सीम्ड’. मुलांना प्रश्न फक्त दोन विचारावेत: उजवीकडे काय काय येते, आणि या सगळ्या माणसांच्या मनात काय चालले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येते, कारण प्रत्यक्ष कागदावरच्या ओळी त्यांनीच वाचलेल्या पुस्तकांतून आलेल्या असतात. म्हातारा पैसे घ्यायला का तयार नव्हता, हे त्यांना माहीत असते. बाहेरच्या मोठ्या कॉर्पसमधील ओळी दिल्या तर मूळ शब्द समजण्यापूर्वी त्या ओळींतील आणखी दहा अनोळखी शब्दांशी झुंजावे लागते, आणि प्रसंगही मनात उभा राहत नाही. बर्मिंगहॅमच्या टिम जॉन्स यांनी कॉन्कॉर्डन्सच्या ओळी थेट विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची पद्धत रूढ केली, परंतु त्यांचे विद्यार्थी विद्यापीठातील होते. अकरावीच्या मुलांना ती जशीच्या तशी लावू नये.

सागरमाळकर

या चर्चेत कोल्हापूरचे नाव असलेल्या कॉर्पसचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो. जगभरच्या कॉर्पस भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून जो ओळखला जातो, तो भारतीय इंग्रजीचा संचय शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजी मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने, म्हणजे एकूण दहा लाख शब्द, असे त्याचे स्वरूप आहे. १९६१ च्या अमेरिकी इंग्रजीवरील ब्राउन कॉर्पस आणि त्याच वर्षीच्या ब्रिटिश इंग्रजीवरील लँकेस्टर-ऑस्लो-बर्गेन कॉर्पस यांच्या धर्तीवर तो बांधल्यामुळे तिन्हींची तुलना करता येते. आपल्याच गावात झालेले हे काम येथील इंग्रजी शिक्षकांच्या बैठकांत फारसे निघत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मॅडमच्या कामासाठी त्याचा थेट उपयोग मर्यादित आहे, हेही स्पष्ट करतो. प्रत्येक नमुना २,००० शब्दांवर तोडलेला असल्यामुळे तो मुलांना वाचायला देता येत नाही, आणि वृत्तपत्रे, सरकारी अहवाल, शास्त्रीय लेखन यांचा भाग मोठा असल्याने भाषा अकरावीच्या मानाने जड आहे. मजकूरही १९७८ चा, त्यामुळे आजच्या मुलाच्या जगातील कितीतरी वस्तू त्यात नाहीतच. दहा लाख शब्दांचा आकार आज लहान समजला जातो. ‘रिलक्टंट’सारख्या मध्यम वारंवारतेच्या शब्दाच्या फारच थोड्या ओळी त्यातून हाती लागतील. तेवढ्यासाठी १०० कोटींहून अधिक शब्दांचा कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश किंवा शब्दामागे ४० पर्यंत उदाहरणवाक्ये दाखवणारे ‘स्केल’ हे मोफत संकेतस्थळ सोयीचे आहे. घरी, शिक्षकाने, तयारीसाठी.

कोल्हापूर कॉर्पस कामी येतो तो शिक्षकाच्या निवाड्यासाठी. मुलाने एखादा प्रयोग लिहिला आणि तो चूक म्हणावा की भारतीय इंग्रजीत रुळलेला म्हणून स्वीकारावा, असा पेच आपल्याला रोज पडतो. अशा वेळी आपल्या देशातील छापील, संपादित गद्यात तो प्रयोग आढळतो का, हे पाहायला मिळणे मोठी सोय आहे. भारतीय कथासंग्रह मोजताना राजारामपुरीकरांनी जी पुरवणी यादी सुचवली आहे, तिची सुरुवातही येथून करता येईल: या कॉर्पसची शब्दयादी काढून ती ब्राउन कॉर्पसशी ‘कीवर्ड’ पद्धतीने ताडली की भारतीय मजकुरात विशेषत्वाने येणारे शब्द वर येतात. त्यांतून राजकारणातील आणि प्रशासनातील शब्द काढून टाकले की गोष्टींना उपयोगी पडणारे उरतात.

करवीरची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचनाचा तास शब्दांच्या कामापासून वेगळा ठेवायचा, ही ग्रंथपाल काकांची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे, आणि कपाटाची विषयवार मांडणीही.

दोन शंका उरतात. आठवड्याला एका तासिकेच्या वाचनातून शब्दसंख्येत दिसण्याजोगी भर पडेल, अशी अपेक्षा तरी धरावी का? आणि आमच्या शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मराठीच्या सहकारी याच पद्धतीने मराठी वाचनाचा उपक्रम सुरू करू इच्छितात. ही साधने मराठीला चालतात का?

राजारामपुरीकर

पहिल्या शंकेपुरते लिहितो. नेशन यांनी २०१४ मध्ये असा हिशेब मांडला की वारंवारतेच्या यादीतील एखादा हजार शब्दांचा टप्पा घेतला आणि त्यातील शब्द सुमारे बारा वेळा भेटावेत असे धरले, तर किती मजकूर वाचावा लागेल. दुसऱ्या हजारासाठी साधारण दोन लाख शब्दांचे वाचन पुरते, तिसऱ्यासाठी तीन लाख. पुढे हा आकडा झपाट्याने वाढत नवव्या हजाराला सुमारे तीस लाखांपर्यंत जातो. तुमची मुले मिनिटाला १०० शब्द वाचतात असे समजा. चाळीस मिनिटांच्या तासिकेत ४,००० शब्द होतात, आणि परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वगळून वर्षात तीस तासिका हाती लागल्या तर १,२०,००० शब्द. म्हणजे केवळ तासिकेच्या बळावर एका वर्षात दुसरा हजारही पूर्ण होत नाही. पुस्तक घरी नेऊन रोज पंधरा मिनिटे वाचले तर मात्र तीच मजल साडेचार महिन्यांत गाठता येते. त्यामुळे पुस्तके घरी देण्याबाबत तुमच्या ग्रंथालयाचे नियम काय आहेत, हा प्रश्न कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा आधीचा आहे. पुस्तके हरवतील म्हणून ती कुलपात ठेवणारी ग्रंथालये मी पुष्कळ पाहिली आहेत.

यादी ठरवण्याविषयी ग्रंथपालांशी मी सहमत आहे. शब्द आधी न सांगता नंतरच्या तासाला घ्यावेत.

उजळाईवाडीचा मराठी शिक्षक

मराठीसाठी अँटकॉन्क चालते, पण दोन-तीन गोष्टी आधी करून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे शब्द कशाला म्हणायचे याची सेटिंग. मूळ मांडणीत सॉफ्टवेअर फक्त अक्षरे धरते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रमाण अक्षरसंकेतात, ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात येतात, आणि तो वर्ग टोकनच्या (मोजायच्या शब्दाच्या) व्याख्येत निवडला नाही तर ‘किनारा’ या शब्दाचे तुकडे होऊन क, न, र असे सुटे पडतात. तो वर्ग निवडला की शब्द अखंड राहतो.

दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा ‘र’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारे टंकला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण मोजणीत ते दोन वेगळे शब्द ठरतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून मजकूर गोळा केला असेल तर आधी शोध-आणि-बदल करून एकच रूप ठेवावे. जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टमधील पीडीएफमधून मजकूर उचलण्याच्या फंदात पडूच नये. तो बहुधा अगम्य चिन्हांत उतरतो.

तिसरी गोष्ट आपल्या व्याकरणाची आहे आणि तिला सॉफ्टवेअरमध्ये तयार उपाय नाही. इंग्रजीत ‘हाउस’ची दोन-तीन रूपे होतात, मराठीत घर, घरात, घराला, घराचा, घराच्या, घरांमध्ये, घरातून, घरापाशी, घरातलीसुद्धा असा पसारा आहे, आणि यादीत प्रत्येक रूप स्वतंत्र मोजले जाते. परिणामी नेहमीचा शब्दही दुर्मीळ भासतो आणि इंग्रजीसाठी सांगितलेली ९५ किंवा ९८ टक्क्यांची मर्यादा मराठीला सरळ लावता येत नाही. शोधताना ‘घर*’ असे तारांकन वापरले तर बहुतेक रूपे सापडतात. सोबत घरटे, घराणे, घरघर हेही येतात, ते हाताने वेगळे काढावे लागतात. जिथे सामान्यरूपात मूळ शब्द बदलतो तिथे एक तारांकन पुरत नाही. ‘फूल*’ टाकल्यास ‘फुलांना’ निसटते आणि ‘पाणी*’ टाकल्यास ‘पाण्यात’ निसटते. म्हणून ‘पाणी*|पाण्य*’ असे मध्ये उभी रेघ देऊन दोन्ही एकदम शोधावे.

यामुळे माझा सल्ला असा की मराठीच्या सहकाऱ्यांनी टक्केवारीच्या मागे न लागता फक्त कॉन्कॉर्डन्स वापरावा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना शब्दापेक्षा त्याचे रूप अडते, आणि ‘पाण्य*’च्या ओळी उजवीकडच्या शब्दाप्रमाणे लावून छापल्या की पाण्यात बुडणे, पाण्यावर तरंगणे, पाण्याने भरणे हे प्रत्ययांसह क्रियापदांचे जोड आपसूक शेजारी येतात. मजकुरासाठी मराठी विकिस्रोत पाहावे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली की आपल्या कायद्याने प्रताधिकार संपतो, त्यामुळे तेथील जुने बालसाहित्य निर्धास्त वापरता येते. फक्त त्यातील काही पुस्तकांत जुन्या लेखनपद्धतीचे अनुस्वार आहेत. ‘घरांत’ हे एकवचनीही तिथे अनुस्वारासह येते, तेव्हा मुलांच्या हाती ओळी देण्यापूर्वी एवढे तरी तपासून घ्यावे.